‘जग्वार आली’ असं कुणीच म्हणत नाही

प्रश्न नाशिकच्या एका साहेबांचा आहे, थोडक्यात सांगतो. वय ५८, पुढच्या वर्षी रिटायर, मुलगा कॅलिफोर्नियात. ४५-५० लाखांत जर्मन गाडी घ्यायची आयुष्यभराची हौस आहे पण मुलगा फोनवर म्हणतो, बाबा वेडेपणा करू नका, इकडे ड्रायव्हरलेस गाड्या फिरतायत, दहा वर्षांत गाडी विकत घेणं हा प्रकारच संपेल आणि तुमच्या त्या लोगोला कुत्रं विचारणार नाही. तर पोरगं बरोबर बोलतंय का आणि रीसेलचं काय होईल, असं विचारलंय.

मी २००१ पासून गाड्या विकतोय. आधी पुण्यात शोरूमला सेल्समध्ये, मग एका लक्झरी ब्रँडच्या डीलरकडे, आणि गेली बारा वर्षं स्वतःचा जुन्या गाड्यांचा धंदा. म्हणजे माणूस गाडी घेताना काय बोलतो आणि तीच गाडी विकायला आणतो तेव्हा काय बोलतो, दोन्ही ऐकलंय. इंजिनिअर नाही मी, धंदेवाला आहे, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो.

आधी मी स्वतः अशा ड्रायव्हरलेस गाडीत बसलो त्याचं सांगतो कारण त्या एका फेरीने माझं डोकं फिरलं. भाची सॅन फ्रान्सिस्कोला असते, तिच्याकडे गेलो होतो. जेवायला बाहेर जायचं ठरलं तर म्हणाली मामा आज वेमोने जाऊ. फोनवर दाबलं, पाच-सात मिनिटांत पांढरी गाडी येऊन उभी, टपावर ते फिरणारं डबड्यासारखं यंत्र आणि त्याच्यावर भाचीच्या नावाची दोन अक्षरं चमकतायत, म्हणजे गर्दीत आपली कुठली ते कळावं. ती मागे बसली, मी हट्टाने पुढे बसलो, ड्रायव्हरच्या शेजारी म्हणजे ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटच्या शेजारी. स्टीअरिंग आपलं आपण फिरतंय, त्या शहराचे चढउतार तुम्हाला माहीत असतील, चढावर थांबली की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतोय. पहिली पाच मिनिटं छातीत धडधड, दहाव्या मिनिटाला मी खिडकीतून दुकानं बघत होतो. इतक्या लवकर सवय होते माणसाला.

मग लक्ष गेलं स्टीअरिंगच्या मधोमध. जग्वारचं ते गुरगुरणारं तोंड. गाडी होती जग्वार आय-पेस. आता २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतली, २.३ अब्ज डॉलरला, तेव्हा आमच्या शोरूममध्ये पेढे वाटले होते, आमचा काडीचा संबंध नसताना. पुण्या-मुंबईत रस्त्याने जग्वार गेली तर अजून माना वळतात. मी भाचीला विचारलं, ही गाडी कुठली गं? म्हणाली वेमो. अगं वेमो कंपनी झाली, गाडी कुठली? तिने इकडेतिकडे बघितलं, दाराकडे बघितलं, म्हणाली काय माहीत मामा, पांढरी आहे.

साहेब, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

वेमो म्हणजे गुगलने २००९ ला चालू केलेला प्रोजेक्ट, २०१६ च्या शेवटी वेगळी कंपनी झाली. आधी त्यांच्याकडे क्रायस्लर पॅसिफिका होत्या, आपल्या इनोव्हासारखी फॅमिली गाडी. २०१८ ला जग्वारशी २० हजारांपर्यंत गाड्यांचा करार जाहीर केला. फिनिक्स भागात २०२० पासून ड्रायव्हरशिवाय कुणीही बसू शकतं, सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून सगळ्यांना खुलं, आणि एप्रिल २०२५ पर्यंत आठवड्याला अडीच लाख पैसे देऊन केलेल्या फेऱ्या असा त्यांचा आकडा गेला होता. आणि गंमत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत २०२५ ला भाड्याची तुलना झाली त्यात वेमो उबरपेक्षा सरासरी महाग निघाली, तरी लोक तीच बोलावतात. कशासाठी जास्त पैसे देतायत? जग्वारच्या सीटसाठी नाही. ड्रायव्हरशी बोलावं लागत नाही, रात्री एकट्या मुलीला मागे बघत बसावं लागत नाही, गाडी रोज एकाच पद्धतीने चालते, ह्यासाठी. आता पुढची गाडी चिनी झीकर कंपनीकडून बनवून घेतायत. माझ्या भाचीला फरक कळेल का? दार सरकतं उघडतं एवढं कळेल.

म्हणजे नाव गाडी बनवणाऱ्याकडून गाडी चालवणाऱ्याकडे सरकलं. हे मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टसारखं आहे. पूर्वी लिफ्टमन असायचा, स्टुलावर बसलेला, जाळीचं दार ओढणारा, मजल्याला बरोबर लेव्हल करणं ही कला होती त्याची, त्याला दिवाळी दिली जायची. बटण आलं, तो गेला. आज कुठल्या सोसायटीत राहता हे माणूस छाती काढून सांगतो, लिफ्ट कुठल्या कंपनीची हे सोसायटीच्या सेक्रेटरीशिवाय कुणाला माहीत नसतं, आणि त्यालाही बंद पडली की आठवतं.

पण थांबा, इथून पुढे पोराचं म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे सेल्फ-ड्रायव्हिंग गाडी खूप जुनी आहे हो, आपण तिला ड्रायव्हर ठेवणं म्हणतो. शेठ मागे डावीकडे बसणार, पेपर वाचणार, गाडी आपली आपण जाणार. त्याच्या दृष्टीने स्टीअरिंगमागे रामभाऊ आहेत का कॉम्प्युटर आहे काय फरक पडतो? तर मालक स्वतः चालवत नसला की ब्रँडचं काय होतं हे आम्ही पंचवीस वर्षं बघतोय, त्यासाठी अमेरिकेला जायला नको. लक्झरी डीलरकडे होतो तेव्हा माझे अर्धे कस्टमर असे की ज्यांनी टेस्ट ड्राईव्हला स्टीअरिंगला हात लावला नाही. ड्रायव्हरला सोबत आणायचे, तो चालवणार, हे मागे. शून्य ते शंभर किती सेकंदात, असा प्रश्न एकानेही विचारला नाही. विचारायचे काय, तर मागे एसीचा झोत किती, सीट किती पडते, पाय पसरतात का, आणि आमच्या सोसायटीचा स्पीड ब्रेकर घासणार तर नाही ना. कंपन्यांना हे कळलंच की, मर्सिडीजने २०१७ ला लांब व्हीलबेसची ई-क्लास चाकणला बनवून आणली आणि ती धो धो चालली. बीएमडब्ल्यू, जिचं सगळं नाव चालवण्याच्या मजेवर उभं, तिनेसुद्धा २०२१ ला थ्री सीरीज लांब करून आणली, मागे पाय पसरायला. म्हणजे चालवणारा मालक नसला तरी बिल्ल्याची किंमत राहते, फक्त बिल्ला आता सोफ्याचा होतो, इंजिनाचा राहत नाही.

आणि मग येते खरी गोम, ती म्हणजे टॅक्सीचा डाग.

फियाट घ्या. साठ-सत्तरच्या दशकात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक, आमच्या आळीत एका डॉक्टरांकडे होती, रविवारी धुतली जायची तेव्हा आम्ही पोरं बादली धरायला भांडायचो. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची काळी-पिवळी झाली, इतकी झाली की शेवटी पद्मिनी म्हटलं की टॅक्सीच डोळ्यासमोर. ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा सगळे हळहळले, पण कुणी असं म्हणालं नाही की आमच्या घरात हिच्यामुळे मान होता. इंडिकाचं पण तेच, १९९८ च्या डिसेंबरात आली तेव्हा केवढं कौतुक, नंतर टूरवाल्यांनी उचलली आणि घरगुती गिऱ्हाईक म्हणायला लागलं की नको, लोक हात दाखवून थांबवतात. मारुतीने ह्यातून शहाणपणा घेतला, डिझायरची टॅक्सी ‘टूर’ नावाने वेगळी विकतात, म्हणजे घरच्या डिझायरला वास लागायला नको.

माझ्या धंद्यात तर हे रोजचं. गाडी कितीही चकाचक असू दे, आरसी बघितली आणि पूर्वी पिवळी पाटी होती, मग पांढरी करून घेतली असं दिसलं की गिऱ्हाईक उठून उभं राहतं. मी स्वतः अशा गाडीला बाजारापेक्षा दीड-दोन लाख कमी सांगतो आणि तरी ती महिनाभर उन्हात उभी राहते. ‘सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड’ म्हटलं की चाव्या लगेच हातात घेतात, जसं काही डॉक्टरांनी गाडीला रोज सलाईन लावलं होतं.

एकच अपवाद बघितला मी, इनोव्हा. विमानतळाबाहेर पिवळ्या पाटीची इनोव्हा आणि आमदाराच्या बंगल्याबाहेर पांढरी इनोव्हा, दोन्ही एकाच वेळी जोरात आणि एकीने दुसरीला मारलं नाही. का? माझं मत असं की इनोव्हाचा मान दिखाऊपणाचा नव्हताच, ती कुठे बंद पडत नाही हा मान होता, आणि टॅक्सीवाल्याने तीन-चार लाख किलोमीटर पळवून तो उलट सिद्ध करून दाखवला. ज्यांचा मान ‘माझ्याकडे आहे तुझ्याकडे नाही’ एवढ्यावरच आहे त्यांना टॅक्सी मारते. जग्वारला सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं हेच झालं, कुणीही पंधरावीस डॉलर देऊन तिच्यात बसून कपकेक खातोय.

आता मालकीचं बघू. पोरगं म्हणतं लोक गाडी घेणं बंद करतील कारण परवडणार नाही. साहेब, परवडतंय कुठे आत्तासुद्धा? साधा हिशोब करा. ऑन-रोड १२ लाखाची गाडी, पाच वर्षांनी माझ्यासारखा माणूस साडेसहा देणार, म्हणजे साडेपाच गेले, वर्षाला १ लाख १० हजार. इन्शुरन्स सरासरी ३० हजार, सर्व्हिसिंग १२ हजार. वर्षाला ८ हजार किलोमीटर फिरवली, १४ चं अ‍ॅव्हरेज आणि १०४ रुपये लिटर धरलं तर पेट्रोल ६० हजार. झाले २ लाख १२ हजार, म्हणजे किलोमीटरला साडेसव्वीस रुपये, त्यात लोनचं व्याज नाही, टायर नाहीत, पार्किंग नाही, सोसायटीतली भांडणं तर नाहीतच. ह्याच्यापेक्षा कमी भावात आज कॅब येते. हा हिशोब मी शोरूममध्ये असताना पण मला पाठ होता आणि एकाही गिऱ्हाइकाने तो विचारला नाही, बायकोसमोर तर नाहीच नाही.

कारण गाडी हिशोबाने घेतलीच जात नाही. दसऱ्याच्या दिवशी डिलिव्हरीला येऊन बघा कुठल्याही शोरूमला. सकाळी सातपासून रांग, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात घेऊन फोटो. एकदा एक बाई आल्या होत्या, साठीच्या, मुलाने गाडी घेतलेली, त्या काही बोलल्या नाहीत, पदराने बॉनेटवरची हळद पुसत राहिल्या, पुसली की परत हात फिरवायच्या. तिथे कोणी म्हणावं की आजी, ही २३ तास नुसती उभी राहणार आहे हो. आणि नंबर? आवडीचा नंबर घ्यायला लोक आरटीओत लाखो मोजतात, चारचाकीचा ०००१ तर राज्यात २०२४ पासून ५ लाखांपासून पुढे आहे. नंबर हो, गाडी नाही. हा माणूस कुणाच्या तरी मालकीच्या पांढऱ्या डब्यात बसून मुलीच्या लग्नाला जाणार आहे का?

पण अमेरिकेत काय होतंय ते पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. भाचीच्या घरी दोन गाड्या होत्या, त्यातली एक विकली. कामावर, जेवायला, मित्रमैत्रिणींकडे वेमो नाहीतर उबर. दुसरी टोयोटा ठेवली आहे, महिन्याचं वाणसामान आणायला आणि बर्फाच्या डोंगरात जायला. मला वाटतं मोठ्या शहरांत असंच होत जाईल, आधी घरातली दुसरी गाडी जाईल, पहिली बरीच वर्षं राहील. आणि ज्या कंपन्यांचा धंदा त्या दुसऱ्या गाडीवर आहे, ना स्वस्त ना भारी अशा मधल्या नावांवर, त्यांचं मरण आहे. फेरारीला काही होत नाही. ट्रॅक्टर आला म्हणून शर्यतीच्या बैलाची किंमत उतरली का आपल्याकडे? औताचा बैल गेला, शर्यतीचा बैल मात्र लाखांत जातोय आणि त्याला खुराक मालकाच्या पोरापेक्षा चांगला आहे.

आणि दहा वर्षांत सगळं होईल ह्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नका. २०१९ ला मस्कसाहेब म्हणाले होते की पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरलेस टॅक्सी असतील आणि टेस्लाची किंमत उतरायच्या ऐवजी वाढत जाईल, मालक झोपलेला असताना गाडी पैसे कमवून आणेल. प्रत्यक्षात जून २०२५ ला ऑस्टिनमध्ये मोजक्या गाड्या सुरू झाल्या, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. मधल्या काळात त्यांच्या त्या सेल्फ-ड्रायव्हिंग सॉफ्टवेअरची किंमत १५ हजार डॉलरवर गेली आणि २०२४ ला ८ हजारांवर आली. जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो, कारण ज्याने १५ ला घेतलं त्याच्याकडून मी ते कितीला धरू? इंजिन दहा वर्षांनी पण इंजिन असतं, सॉफ्टवेअर तीन वर्षांत शिळं होतं. जनरल मोटर्सने क्रूझ ह्या आपल्या ड्रायव्हरलेस गाड्यांच्या कंपनीवर १० अब्ज डॉलरच्या वर घातले आणि डिसेंबर २०२४ ला रोबोटॅक्सीचा नाद सोडला. फोर्ड आणि फोक्सवॅगनने मिळून पैसे घातलेली आर्गो नावाची तसलीच कंपनी २०२२ लाच बंद पडली. म्हणजे गाड्या बनवणाऱ्या भल्याभल्यांना ड्रायव्हर बनवता आला नाही, आणि ज्याने बनवला त्याला गाडी कुणाचीही चालते. आता सौदा करताना कुणाचा हात वर राहणार तुम्हीच बघा.

भारतात तर अजून लांब आहे. गडकरींनी २०१७ लाच सांगितलं होतं की ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही, लोकांच्या नोकऱ्या जातील. नोकऱ्यांचं सोडा, गणितच बसत नाही. तिकडे टॅक्सीच्या खर्चात सगळ्यात महाग ड्रायव्हर, म्हणून त्याला काढायला अब्जावधी घातले. पुण्यात घरचा ड्रायव्हर महिना २०-२२ हजारांत मिळतो, तो बाजारातून भाजी आणतो, आईला दवाखान्यात हाताला धरून नेतो, आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्या बाइकवाल्याला काच खाली करून आईबहिणीवरून ओळख करून देतो. हे कुठलं सॉफ्टवेअर करणार? आपल्याकडे आत्ता जे आलंय ते अ‍ॅडास, गाडी स्वतः ब्रेक मारते, लेन पकडते वगैरे. चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने २०२१ पासून ते मध्यमवर्गात आणलं. गिऱ्हाईक आवर्जून विचारतं, अ‍ॅडास आहे ना, टॉप मॉडेल आहे ना. मग तीच गाडी माझ्याकडे विकायला येते तेव्हा बघतो तर लेनवालं सेटिंग बंद केलेलं, कारण सिंहगड रोडला स्टीअरिंग हाताला झटके देतं आणि काकू मागून म्हणतात काय वाजतंय सारखं. वापरत नाहीत, पण हवं. मान असाच असतो.

तर साहेब, तुमच्या गाडीचं. ४५-५० लाखांची ती सगळ्यात खालची जर्मन सेडान नवी घेतली तर पाच वर्षांनी निम्म्याच्या खाली जाणार, ड्रायव्हरलेस येवो न येवो, हे मी आजच लिहून देतो. त्या किमतीत तुम्ही मुख्यतः पुढचा बिल्ला विकत घेता, आणि उद्या धक्का बसलाच तर आधी ह्याच गाड्यांना बसणार. तेवढ्याच पैशात तीन वर्षं वापरलेली लांब ई-क्लास येते, पहिल्या मालकाने मोठा घसारा आधीच सोसलेला असतो. कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक आहे ती बघा, सर्व्हिस रेकॉर्ड वर्कशॉपमधून काढून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. इन्शुरन्स क्लेमची हिस्टरी मागा, पावसात बुडालेल्या गाड्या पॉलिश करून फार फिरतायत.

आणि टेस्ट ड्राईव्हला गेलात की पाच मिनिटं तुम्ही चालवा, मग उतरून सेल्समनला चालवायला द्या आणि तुम्ही नि वहिनी मागे बसा, नाशिक रोडवरून एक चक्कर मारा, दोनचार खड्डे मुद्दाम घ्यायला सांगा. ७० व्या वर्षी तुम्ही बसणार तिथेच आहात. वहिनींना गुडघे वाकवून उतरता येतंय का ते बघा, मी इतकी वर्षं गाड्या परत येताना बघतोय त्यात निम्म्या वेळा कारण हेच निघतं, सीट खाली आहे, आईला उतरता येत नाही.